असिपाच्या घरची बायबिचे

असिपाला दिवसभर लोक शिव्या देत आणि त्याचाच तिला पगार मिळे. बिश्केक शहरातल्या घराघरांत नळांतून गरम पाणी फिरवून भिंती उबदार ठेवणाऱ्या कचेरीत ती तक्रारींच्या खिडकीवर बसायची. उन्हाळाभर खिडकीवर कुणी फिरकायचं नाही. ऑक्टोबर लागला, डोंगरांवर पांढरं दिसू लागलं, की मग रांग थेट रस्त्यापर्यंत जायची.

"बाई, तुम्ही स्वतः उबेत बसलाय, म्हणून तुम्हाला आमची थंडी कळत नाही!"

"आजोबा, मी आत कोट घालून बसलेय. दिसत नाही का?"

"म्हणजे स्वतःची कचेरीही तुम्हाला गरम ठेवता येत नाही! आणि शहर गरम करायला निघालात!"

असिपा कागदावर शिक्का मारायची आणि पुढच्याला बोलवायची. उलट उत्तर द्यायची तिथे बंदी होती. ती उत्तरं ती साठवून ठेवायची आणि संध्याकाळी घरी मांजरांना ऐकवायची.

मांजरं दोन. पांढरी, तरणी, सगळीकडे नाक खुपसणारी ती कुरुत. बाजारात वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, म्हणजे कुरुत, विकणारीच्या फळीखाली ती सापडली होती, आणि तशीच गोल आणि पांढरी होती. दुसरी करडी, म्हातारी, एक कान फाटलेला, अंगाने भरलेली. तिचं नाव बायबिचे. असिपाच्या वडिलांनी ठेवलेलं. आजारपणात ते खुर्चीला खिळले होते, तेव्हा ही कुठूनशी जिन्यातून आत आली, घरभर फिरून पाहणी केली आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर चढून बसली. म्हातारा खूश झाला. म्हणाला, "घराला बायबिचे नव्हती, ती आली." घरातल्या थोरल्या, मानाच्या मालकिणीला बायबिचे म्हणतात. असिपाची आई तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती.

वडील गेले, खुर्ची बायबिचेकडे आली. दोन खोल्यांचं घर असिपाच्या नावावर झालं. असिपा एकेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. संध्याकाळी ती बूट काढायची, कढईत बटाटे परतायची आणि बोलायला सुरुवात करायची.

"आज एक बाई मला म्हणाली, तुझ्या तोंडाकडे बघूनच कळतं तुझ्याशी कुणी लग्न का केलं नाही. मी काय म्हणायला हवं होतं सांगू?"

कुरुत शेपटी हलवायची. बायबिचे डोळे मिटून घ्यायची. असिपा मग भांडं आपटत आपटत पुरतं उत्तर द्यायची, आणि रात्री तिला गाढ झोप लागायची. तक्रार म्हणावी अशी तिच्या आयुष्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे तिची वहिनी. पण वहिनी कोचकोर गावात, घाटापलीकडे होती, त्यामुळे तेही निभत होतं.

त्या ऑक्टोबरात वहिनीचा फोन आला.

"वन्सं," झुउरावहिनी म्हणाली. काहीतरी हवं असलं की ती असिपाला वन्सं म्हणायची. "आपल्या मेरिमला कॉलेज मिळालं. रविवारी येतोय आम्ही."

"येतोय म्हणजे?"

"म्हणजे पोरगी आत्याच्या घरी राहील. परक्यांच्या दारी राहणार आहे का?"

रविवारी दोघी आल्या. बटाट्यांचं पोतं, मेंढीची तंगडी, गाद्यांची वळकटी, आणि झुउराने स्वतःच्या हातांनी शिवलेला लाल-काळ्या नक्षीचा नमदा, म्हणजे लोकरी जाजम. मेरिम अठरा वर्षांची, लांब वेणी, खाली मान. झुउरा म्हणाली, पोरगी रुळेपर्यंत मी दोन दिवस राहते. दोन दिवसांचे तीन आठवडे झाले.

पहिल्याच संध्याकाळी तिने खुर्चीकडे बोट केलं. "ही कोण?"

"बायबिचे."

झुउराचा हात गालावर गेला. "मांजरीला बायबिचे? माझ्या सासूला सगळा गाव बायबिचे म्हणायचा!"

"तुमच्या सासऱ्यांनीच ठेवलंय नाव, वहिनी. जाऊन त्यांना विचारा."

झुउराने खुर्ची हलवून दाराशी नेली आणि खुर्चीच्या जागी आपला नमदा पसरला. दुसऱ्या दिवशी कुरुतने नमद्याच्या एका कोपऱ्याला नखं घासली, आणि घरात जे पेटलं ते विझलंच नाही.

असिपा कचेरीत गेली की मांजरांची रवानगी गॅलरीत व्हायची. ती घरी परतायची तेव्हा दोघी काचेला नाक लावून, अंग फुगवून बसलेल्या असायच्या. आत झुउरा चहा पीत असायची.

"लोकांच्या घरी या वयाच्या बाईच्या मागे नातवंडं फिरतात," ती भिंतीला सांगायची. "हिच्या मागे शेपट्या."

"शेपट्या परवडल्या, वहिनी. भूक लागली की येतात. घर मागायला येत नाहीत."

"कोण मागतंय तुझं घर?"

"मग दोन दिवस कधी संपणार?"

मेरिम पुस्तकात डोकं खुपसून बसायची. अधूनमधून शिंकायची. आई घरात असली की जास्तच शिंकायची. "बघ, पोरीला केस सोसत नाहीत," झुउरा म्हणायची. "छाती भरून येते तिची. उद्या काही झालं तर कोण जबाबदार?" असिपालाही क्षणभर वाटलं, खरंच असेल. पण एका पहाटे पाणी प्यायला उठली तर मेरिमच्या रजईतून पांढरं शेपूट बाहेर आलेलं दिसलं. मेरिम जागी होती. तिने आत्याकडे पाहिलं, झोपलेल्या आईकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. एकही शिंक नाही. असिपा परत जाऊन पडली. त्या दिवशी तिला भाचीबद्दल थोडी माया वाटली. नंतर त्या मायेचाच तिला जास्त राग आला.

तिसऱ्या आठवड्यात झुउराने सरळच विचारलं. "एक तर माझी पोर, नाही तर ती जनावरं. ठरव."

"ठरलंय. पोरीला पलंग, मांजरांना खुर्ची, आणि तुम्हाला कोचकोरची बस."

झुउराने त्याच क्षणी नवऱ्याला फोन लावला. तोलोगोन, असिपाचा थोरला भाऊ, कोचकोर-बिश्केक मिनीबस चालवायचा. दुसऱ्या दिवशी फेरी संपवून तो वर आला. जाडजूड, कमी बोलणारा माणूस. नमद्यावर बसला, चहा घेतला, पाव मोडला, आणि बराच वेळ मांजरीकडे बघत राहिला.

"बाबांचं घर आहे हे, असिपा."

"होतं, दादा."

"तुझं लग्न झालं नाही म्हणून त्यांनी तुला दिलं. मांजरांना नव्हतं दिलं."

"लग्न झालं नाही म्हणून नाही दिलं. सात वर्षं त्यांचं हागणं-मुतणं मी काढलं, म्हणून दिलं. तेव्हाही तुझी बस रोज या शहरात यायची. तू वर किती वेळा आलास?"

तोलोगोनचा चेहरा तांबडा झाला. झुउरा मध्ये पडली, "नवऱ्याच्या तोंडावर बोलतेस माझ्या! त्याच्या पोरीला दोन वर्षं कोपरा देता येत नाही तुला!"

"कोपरा दिला. त्यात तुम्ही मावत नाही."

तोलोगोन उठला. दाराशी असलेल्या खुर्चीला त्याचा पाय अडखळला, बायबिचे फिसकारली, आणि तो शिवी हासडून खाली उतरून गेला.

त्यानंतर दोन दिवस घर चमत्कारिक शांत होतं. झुउराने स्वतः होऊन बोरसोक तळले, कणकेचे, गरमगरम फुगलेले. असिपाला वाटलं, चला, दमली एकदाची.

तिसऱ्या दिवशी कचेरीत नुसता कहर होता. शहराच्या एका भागात पाइप फुटला होता आणि तिथले सगळे जण तिच्या खिडकीवर आले होते. एक माणूस काचेवर थुंकला. घरी आली तेव्हा असिपाचे पाय जड झाले होते. दार उघडलं. गॅलरीत कुणी नव्हतं. खुर्चीवर कुणी नव्हतं.

"मांजरं कुठायत?"

"दार उघडं राहिलं," झुउरा कणीक मळता मळता म्हणाली. "गेली. जनावरंच ती. जातील नाही तर काय."

असिपा कोट न काढताच खाली गेली. आवारात, गॅरेजांच्या मागे, तळघराच्या खिडक्यांशी हाका मारत फिरली. बाकावर तळमजल्यावरची रशियन म्हातारी बसली होती.

"माझी मांजरं पाहिलीत का?"

"नाही पाहिली. आणि पाहिली असती तरी सांगितलं नसतं. जिन्यात वास येतो."

अंधार पडला तशी असिपा वर आली. हात धुवायला जाताना सहज गॅलरीत डोकावली आणि तिथेच थांबली. डॉक्टरकडे न्यायची झाकणाची टोपली खुंटीवरून गायब होती. पळून जाणारी मांजरं स्वतःची टोपली घेऊन जात नाहीत.

ती स्वयंपाकघरात आली. "टोपली कुठे आहे, वहिनी?"

"कुठली टोपली?"

"कुठे नेली?"

"माझ्यावर आळ घेतेस? जिच्या नमद्याची वाट लागली, जिची पोर शिंकून मरतेय, तिच्यावरच आळ!" झुउराने कणकेचा हात टेबलावर आपटला. "माझ्या नवऱ्याच्या बापाच्या घरात तू मला चोर म्हणतेस!"

असिपाने मेरिमकडे पाहिलं. मेरिम वेणीचं टोक चावत होती.

सकाळी मेरिम कॉलेजला निघाली तशी असिपाही बूट चढवून निघाली आणि जिन्याच्या वळणावर तिला गाठलं. दंड धरला. "बोल."

"आत्या, मला माहीत नाही."

"मेरिम."

पोरगी रडायलाच लागली. "पप्पांनी नेली. बसमधून. बूम घाटाच्या तोंडाशी लग्मान शेवयांचं हॉटेल आहे ना, निळ्या पत्र्याचं, तिथे ठेवली. तिथे उंदीर खूप आहेत म्हणाले, मजेत राहतील म्हणाले."

"टोपलीत कुणी घातली? बायबिचे तुझ्या आईच्या हाती लागणार नाही."

मेरिमने मान खाली घातली. तिच्या मनगटावर ओरखडे होते. "कुरुत आपणहून आली," ती पुटपुटली. "मी हाक मारली, आणि आली."

असिपाने तिचा दंड सोडला. सरळ कचेरीत गेली आणि साहेबांपुढे उभी राहिली.

"आज रजा हवीय."

"आज? बाहेर रांग बघितलीस? कोण गेलं तुझं?"

"मांजरं गेलीत. आणायचीत."

साहेब हसले नाहीत, हे वाईट झालं. त्यांनी चष्मा काढला. "असिपा, अर्धं शहर गारठलंय, आणि तू मला मांजरं सांगतेस? बाहेर पाऊल टाकलंस तर हिवाळाभर शनिवारी खिडकीवर तूच बसशील."

"बसेन," असिपा म्हणाली आणि बाहेर पडली.

घाटाकडे जाणाऱ्या गाडीत ती खिडकीशी बसली. रस्त्याकडेच्या बागांतली सफरचंदाची झाडं निष्पर्ण झाली होती. शेजारची बाई तिला लग्नाला चाललीस का विचारत होती. असिपाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

निळ्या पत्र्याचं हॉटेल धुराने भरलं होतं. मालकीण, रुंद खांद्यांची, हातात झारा. असिपाने विचारलं तशी तिने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हणजे ती घाण तुमची होय! ड्रायव्हर म्हणाला, बहिणीने उंदरांसाठी पाठवलीत."

"कुठायत?"

"पांढरी काल संध्याकाळीच ट्रकखाली गेली. कुणी हाक मारली की धावत सुटायची. कुणीतरी रस्त्यापलीकडून हाक मारली असेल. पोरांनी नाल्यापलीकडे टाकली."

असिपाने दारातून नाल्याकडे पाहिलं.

"आणि करडी?"

"ती डाकीण? माझ्या कुत्र्याचं नाक फाडलं तिने. शेडमागे लाकडांखाली बसलीय, कुणाला जवळ येऊ देत नाही. न्या बाई, उपकार होतील. पण काही खाल्ल्याशिवाय माझ्या दारात उभं राहायचं नाही, गिऱ्हाइकं जागा नाही म्हणून परत जातात."

असिपा आधी नाला ओलांडून गेली. कुरुत कोरड्या गवतात होती, एका बाजूने अगदी पांढरी. असिपाने तिच्यावर दगड रचले, भरपूर रचले, बोटं सोलवटेपर्यंत. रडू आलं नाही. डोक्यात फक्त एकच वाक्य फिरत होतं, हाक मारली की आली.

मग ती शेडमागे गेली, लाकडांपुढे ओल्या मातीत पालथी पडली आणि हात आत घातला. बायबिचेने तिला ओळखलं असेल किंवा नसेल, पण आधी कडकडून चावली. असिपाने हात मागे घेतला नाही. "चाव," ती म्हणाली. "चाव, तुझा हक्क आहे." बऱ्याच वेळाने तिने मानगूट पकडून तिला बाहेर ओढली. अंगाला तेल आणि राख फासलेली, वजनाने निम्मी झाल्यासारखी.

हॉटेलात तिची टोपली कांद्यांनी भरलेली होती. असिपाने ती जमिनीवर उपडी केली.

"अगं ए! माझे कांदे!"

"कांदे तुमचे. टोपली माझी."

मालकीण झारा उगारून दोन पावलं पुढे आली, तिच्या रक्ताळलेल्या हाताकडे पाहिलं आणि थांबली. "वेडी आहेस," ती म्हणाली, आणि वाकून कांदे गोळा करू लागली.

घरी पोहोचली तेव्हा झुउरा आणि मेरिम जेवायला बसल्या होत्या. असिपाने टोपली खाली ठेवली, नमदा गुंडाळून बाजूला केला, खुर्ची उचलून मूळ जागी नेली, बायबिचेला तिच्यावर ठेवलं. मग गुंडाळलेला नमदा खांद्यावर घेतला.

"काय करतेस? काय करतेस तू?"

असिपाने नमदा खाली आवारात नेऊन ठेवला. मग वर येऊन गाद्या. मग बटाट्यांचं पोतं, तीन जिने खाली, पायरीगणिक आपटत. झुउरा तिच्यामागे ओरडत वरखाली करत होती. "बघा रे, लोकहो! सख्ख्या भावाची बायकापोरं मांजरीपायी रस्त्यावर काढते! हिचं वांझ काळीज बघा!" खिडक्यांतून डोकी बाहेर आली. रशियन म्हातारी बाकावर सरकून बसली, नीट दिसावं म्हणून.

"बघू द्या," असिपा म्हणाली. "तुमची बॅग राहिलीय, ती तुम्ही घ्या. तिला मी हात लावणार नाही."

मेरिम जिन्यात आडवी आली. "आत्या, मीच तर सांगितलं ना तुला."

"सांगितलंस. हाकही तूच मारलीस."

"आईने सांगितलं म्हणून!"

"मग आईबरोबर जा."

त्या दोघी त्या रात्री झुउराच्या कुणा मैत्रिणीकडे गेल्या. थोड्याच वेळात तोलोगोनचा फोन आला.

"माझ्या पोरीला बाहेर काढलंस?"

"कुरुत मेली, दादा. ट्रकखाली."

तो म्हणाला, "मांजर होतं ते."

"आणि मी कोण होते?"

"आजपासून मला बहीण नाही," तोलोगोन म्हणाला आणि फोन ठेवला.

हिवाळा आला. साहेबांनी शब्द पाळला. दर शनिवारी असिपा खिडकीवर बसली. मेरिमला कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली. एकदा ती बाजारात दिसली, मैत्रिणींबरोबर, डोक्यावर लोकरी टोपी, हसत होती. आत्याला पाहून तिने मान फिरवली. असिपाला वाईट वाटलं, पण हाक मारण्याइतकं नाही. बायबिचे आता पूर्वीची राहिली नव्हती. मांडीवर यायची नाही, ताटलीला हात लावला की पंजा मारायची, दाराची घंटा वाजली की पलंगाखाली शिरायची. असिपा पलंगासमोर जमिनीवर बसून दिवसभराची साठलेली उत्तरं तिला ऐकवायची. पूर्वी निम्म्यात तिचा राग उतरायचा. आता उतरत नव्हता.

वसंतात गावाहून काकूचा फोन आला. "शुक्रवारी तुझ्या बापाच्या नावाने कुराणपठण आहे तोलोगोनकडे. तुला कुणी सांगितलं नसेलच."

"नाही सांगितलं."

"मग मी सांगितलं," काकू म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

असिपा गेली. भावाच्या अंगणात मेंढी शिजत होती, धूर वर चढत होता. ती आत आली, तरी तोलोगोनने डोकं वर केलं नाही. जमिनीवर अंथरलेल्या लांबलचक दस्तरखानाच्या एका टोकाला काकूशेजारी जागा होती, तिथे असिपा जाऊन बसली. दुसऱ्या टोकाला समोवारपाशी झुउरा चहा ओतत होती. तिकडची रीत अशी की मानाच्या माणसाच्या वाडग्यात चहा थोडासाच ओततात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागेल आणि बराच वेळ बसेल. काठोकाठ भरलेला वाडगा म्हणजे पी आणि चालू लाग.

असिपाचा वाडगा हातोहात तिच्यापर्यंत आला तो काठोकाठ भरलेला. वाटेतल्या दोघींच्या बोटांवर सांडला. सगळ्यांनी पाहिलं.

असिपाने तो दोन्ही हातांत घेतला आणि ती फुंकर घालत, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग रिकामा वाडगा परत पाठवला.

"आणखी," ती म्हणाली.

झुउराने पुन्हा काठोकाठ भरला. असिपा पुन्हा प्यायली. पुन्हा पाठवला. तिसऱ्या वेळी काकूला राहवलं नाही. "अगं झुउरा, थोडा थोडा घाल की. पाहुणी आहे."

"पाहुणी कसली?" झुउरा दात दाखवत म्हणाली. "घरचीच तर आहे."

"हो ना, घरचीच आहे," असिपा म्हणाली आणि हात पुढे केला.

मुल्लाने पठण सुरू करेपर्यंत तिने किती वाडगे रिचवले ते तिलाही सांगता आलं नसतं. पठण झालं, सगळ्यांनी हात चेहऱ्यावरून फिरवले, तिनेही फिरवले. वडिलांसाठी जे मागायचं ते मागितलं. मेरिम पाणी घेऊन सगळ्यांचे हात धुवायला आली तेव्हा असिपाच्या हातांवर जरा जास्तच वेळ धार धरून राहिली. असिपाने हात पुसले आणि उठली. मांस वाटायच्या आधीच निघाली. दारात तोलोगोनची मिनीबस उभी होती, तिच्या चाकाला टेकून तो सिगरेट ओढत होता. तो म्हणाला नाही की सोडतो, आणि ती म्हणाली नाही की सोड.

रस्त्यावर येऊन तिने शहराकडे जाणारी भाड्याची गाडी पकडली. घाटही लागला नव्हता तोच तिला ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगावं लागलं.

"बाई, निघायच्या आधी जाऊन यायचं ना!" ड्रायव्हर करवादला. "इथे आडोसा तरी आहे का?"

"मला नको सांगू," असिपा दार उघडत म्हणाली. "चहा माझ्या वहिनीने पाजलाय. तिला जाऊन सांग."